रेव्ह लिमिटर: काटा लाल पट्ट्यात गेला की गाडी गचके का खाते, आणि लिमिटर असूनही इंजिन कसं फुटतं

समजा पन्हाळ्याच्या चढाला पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चाललाय, तुम्ही दुसरा गिअर टाकून पाय दाबला, काटा सरसर वर गेला आणि ऐन ट्रॅक्टरच्या शेजारी असताना गाडी एकदम ब्रर्रर्र करत गचके खायला लागली. अशा वेळी निम्म्या लोकांना वाटतं की पेट्रोलात कचरा आला, उरलेल्यांना वाटतं क्लच गेला. तसं काय नसतं, गाडीचा रेव्ह लिमिटर, म्हंजे इंजिनचे मिनिटाला फेरे (आरपीएम) ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ न देणारी व्यवस्था, लागलेला असतो आणि तो त्याचं काम बरोबर करत असतो.

पण "आता लिमिटर आहे की, इंजिनला काय होतंय" हे जे कट्ट्यावर ऐकायला मिळतं ना, ते अर्धंच खरं आहे. लिमिटर इंजिनला तुमच्या उजव्या पायापासून वाचवतो, डाव्या हातापासून नाही. म्हंजे अ‍ॅक्सिलेटर कितीही दाबा, तो आवरतो, पण गिअर चुकीचा टाकला तर तो काहीच करू शकत नाही. आता हे का, ते नीट बघू, आणि मग आपल्या गाडीत काय तपासायचं ते.

आधी लिमिट लागतेच कशाला

स्विफ्टमध्ये वर्षानुवर्षं आलेलं ते १.२ लिटर के-सिरीज इंजिन घ्या, बोअर म्हंजे सिलिंडरची रुंदी ७३ मिमी आणि स्ट्रोक म्हंजे पिस्टनची वर-खाली धाव ७१.५ मिमी. ६००० आरपीएमला क्रँक, म्हंजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा, सेकंदाला १०० फेरे मारतो, म्हंजे पिस्टन एका सेकंदात शंभरदा वर जाऊन शंभरदा खाली येतो, आणि दर वेळी वरच्या टोकाला पूर्ण थांबून उलटा फिरतो. सरासरी वेग काढला तर सेकंदाला १४.३ मीटर येतो, तो ऐकायला काय फार नाही वाटत, खरी गोम त्या थांबून उलटं फिरण्यात आहे. वरच्या टोकाला पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजार पटींहून जास्त प्रवेग असतो, त्यामुळं नुसता पाव किलोचा पिस्टन धरला तरी त्याला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला चारशे किलोच्या आसपास ओढ बसते. आणि ही ओढ सगळ्यात वाईट कधी, तर एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, कारण तेव्हा वरून जळत्या गॅसचा दाब नसतो, पिस्टनला मागं खेचायचं सगळं काम रॉड आणि त्याच्या दोन बोल्टांवर येतं.

ही ओढ आरपीएमच्या वर्गानं वाढते. शेतात गोफण फिरवलेल्याला हे सांगायला नको, फिरवण्याचा वेग दुप्पट केला की दोरीला दुप्पट नाही, चौपट ताण येतो. ६००० वरून ७००० ला गेलात तर ताण ३६ टक्के वाढला, ८००० ला गेलात तर जवळपास पावणेदोन पट. म्हणून "हजारच तर वाढवायचेत" असं कुणी म्हणालं की जरा थांबा.

दुसरं म्हंजे वॉल्व. प्रत्येक वॉल्व ६००० आरपीएमला सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि बंद होतो. उघडायला कॅम, म्हंजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, ढकलतो, पण बंद करायला फक्त स्प्रिंग असते. वेग एका मर्यादेपलीकडं गेला की स्प्रिंगला वॉल्व वेळेत परत आणता येत नाही, तो कॅमला सोडून तरंगतो, सीटवर आपटून उसळतो. बऱ्याच आजच्या इंजिनांत वॉल्व आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीनं येतात, मग तरंगलेला वॉल्व आणि वर येणारा पिस्टन भेटले की वॉल्व वाकलाच. त्यानंतर हेड उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं वर्कशॉप गाठायचं, वॉल्व, गाईड, सीट, हेड फेसिंग, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनपण.

लिमिटर नेमका काय करतो

क्रँकच्या टोकाला किंवा फ्लायव्हीलजवळ एक दातेरी चाक असतं. पुष्कळ गाड्यांत ते ६० दात्यांचं असतं पण त्यातले दोन दाते मुद्दाम काढलेले, म्हंजे प्रत्यक्षात ५८. शेजारी सेन्सर बसवलेला असतो, दाता समोरून गेला की एक पल्स. दोन दाते नसलेली जागा आली की ईसीयूला, म्हंजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतं की क्रँक नेमका कुठं आहे, आणि दोन पल्समधला वेळ मोजला की आरपीएम मिळतो. ६००० ला सेकंदाला ५८०० पल्स येतात, त्यामुळं ईसीयूला काटा बघत बसायला लागत नाही, डॅशबोर्डवरचा काटा तर मुद्दाम थोडा संथ केलेला असतो, तो खऱ्या आरपीएमच्या मागून पळतो.

ईसीयूत एक आकडा लिहून ठेवलेला असतो, समजा ६२००. आरपीएम तिथं पोचला की ईसीयू इंजिनचं जेवण बंद करतो. ते तीन तऱ्हांनी करता येतं.

पहिली तऱ्हा म्हंजे पेट्रोल बंद. इंजेक्टरला सिग्नलच द्यायचा नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात ६००० ला दर ५ मिलिसेकंदाला एक सिलिंडर पेटतो, त्यामुळं पुढच्या सिलिंडरचा इंजेक्टर गप्प ठेवला की लगेच जोर तुटतो. आजच्या कारमध्ये मुख्यतः हेच असतं.

दुसरी म्हंजे स्पार्क बंद. ही सगळ्यात झटपट, पण यात पेट्रोल आत आलेलं असतं आणि जळत नाही, ते तसंच सायलेन्सरच्या वाटेनं जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. हे सारखं झालं तर ती जाळी आतल्या आत वितळते आणि एक्झॉस्ट कोंडतो. मिरवणुकीत पोरं गाडी रेज करून जे फटाके काढतात ना, ते हेच न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरात पेटत असतं. जाळ आणि धूर संगटच, बरोबर आहे, पण बिलपण संगटच.

तिसरी तऱ्हा थ्रॉटलची. आता अ‍ॅक्सिलेटरला केबल नसते, पॅडलखाली सेन्सर असतो आणि थ्रॉटल एक छोटी मोटर उघडते. त्यामुळं लिमिट जवळ आली की ईसीयू गुपचूप थ्रॉटल मिटवायला लागतो, तुमचा पाय फ्लोअरला टेकलेला असला तरी. जोडीला इग्निशन थोडं मागं घेतो, टर्बो असेल तर बूस्टपण कमी करतो. याला सॉफ्ट कट म्हणतात, काटा एका जागी जाऊन हळूच थांबतो, गचका नाही. थ्रॉटल मोटर इंजेक्टरएवढी चपळ नसते म्हणून तिच्या मागं पेट्रोल कट राखून ठेवलेला असतोच.

आणि तो ब्रर्रर्र आवाज का येतो? कट झाल्यावर पेट्रोल त्याच आकड्याला परत सुरू होत नाही, जरा खाली उतरल्यावर होतं, समजा ६२०० ला बंद आणि ६१०० ला चालू. पाय दाबलेलाच असतो, म्हणून परत वर, परत कट, परत खाली, असं सेकंदात बऱ्याच वेळा. हा हार्ड कट. काही ईसीयू सगळे सिलिंडर एकदम न तोडता आळीपाळीनं एकेक गप्प करतात, मग आवाज वेगळा येतो.

आकडा एकच असतो असंही नाही. इंजिन थंड असताना बऱ्याच गाड्या लिमिट खाली ठेवतात कारण ऑइल जाड असतं. न्यूट्रलमध्ये उभी असताना कित्येक ऑटोमॅटिक गाड्या चार हजाराच्या आसपासच थांबतात, शोरूमच्या बाहेर रेज करून दाखवायला गेलेल्याची पंचाईत तिथंच होते.

कल्पना काय आजकालची नाही. आपल्याकडं नदीकाठच्या मोटारीवर आणि गुऱ्हाळावर जी ऑइल इंजिनं धडधडायची, त्यांना गव्हर्नर असायचाच. फिरती वजनं वेग वाढला की बाहेर फाकायची आणि दांडीनं डिझेल कमी करायची, लोड आला की वजनं आत आणि डिझेल जास्त. जुन्या डिझेल गाड्यांच्या पंपात हेच होतं. कॉमन रेल आल्यावर वजनं गेली आणि इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे ईसीयू ठरवायला लागला. म्हणून डिझेल गाडी लिमिटला गचके खात नाही, ती वर गेल्यावर नुसती दमते, जोर संपतो. टोकाचंच बघायचं तर फॉर्म्युला वनमध्ये २००९ पासून १८,००० आरपीएमची लिमिट नियमानंच होती, २०१४ ला टर्बो व्ही-सिक्स आले तेव्हा ती १५,००० झाली, आणि तिथं ड्रायव्हर लिमिटरला टेकणं म्हंजे वेळ घालवणंच.

तो कुठं हात टेकतो

लिमिटरच्या हातात फक्त इंधन, स्पार्क आणि हवा आहे. इंजिनला दुसरं कुणी फिरवत असेल तर तो बघत बसतो.

पाच गिअरच्या गाडीत धरून चालू की दुसऱ्याचा रेशो १.९०, तिसऱ्याचा १.३० आणि पाचव्याचा ०.७५ आहे. तिसऱ्यात ५५०० पर्यंत ओढलीत, आता चौथा टाकायचा, सरळ मागं ओढायचं होतं पण घाईत हात जरा डावीकडं खेचला गेला आणि दुसरा पडला. क्लच सोडला की चाकं इंजिनला फिरवायला लागतात, ५५०० गुणिले १.९० भागिले १.३०, म्हंजे ८००० च्या वर. पाचव्यात ३५०० ला निवांत चाललाय आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला तर हिशोब जवळपास ८९०० वर जातो. ईसीयूनं पेट्रोल कधीच तोडलेलं असतं, पण गाडीचं टनभर वजन इंजिनला ढकलतंय, त्याला कोण तोडणार. लिमिटर असताना इंजिन फुटलं अशा ज्या गोष्टी ऐकता त्यातल्या बऱ्याच अशाच.

एएमटी (क्लच आणि गिअर गाडीच आपोआप बदलते ती मॅन्युअल गिअरबॉक्स) आणि ऑटोमॅटिकमध्ये ही भीती जवळपास नाही, कारण खाली गिअर टाकल्यावर आरपीएम लिमिटच्या बाहेर जाणार असेल तर गिअरबॉक्सचा कंट्रोलर ऐकतच नाही, डॅशबोर्डवर टींग करून गप्प बसतो. ते बिघाड समजू नका.

डिझेलमध्ये अजून एक आहे, टर्बोचं सील जाऊन इंजिन ऑइलच हवेबरोबर आत खेचलं जायला लागलं तर इंजिन त्या ऑइलवर पळतं. किल्ली काढली तरी थांबत नाही, कारण इंजेक्टरचा संबंधच उरत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून सगळ्यात वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन कोंडून बंद पाडायचं. ते जमलं नाही तर गाडीपासून लांब व्हायचं, बॉनेट उघडून हात घालायला जायचं नाही.

आपल्या गाडीत कसं बघायचं

पहिलं काम, मॅन्युअल काढा, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडली असेल. लाल पट्टा कुठून सुरू होतो आणि जास्तीत जास्त पॉवर किती आरपीएमला आहे हे दोन आकडे लिहून घ्या. कट साधारण लाल पट्ट्याच्या सुरुवातीला किंवा शे-दोनशे पुढं असतो.

मग एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल, म्हंजे ईसीयूतली माहिती वाचणारं छोटं यंत्र, घ्या, स्टेअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात बसतं, मोबाईलवर अ‍ॅप टाकलं की लाईव्ह आरपीएम, कूलंटचं तापमान, थ्रॉटल किती उघडलाय सगळं दिसतं. स्वस्तातले डोंगल सेकंदाला मोजकीच रीडिंग देतात, त्यामुळं लिमिटरचे ते झटपट वर-खाली त्यात दिसणार नाहीत, आकडा नुसता उड्या मारतोय असं वाटेल. तेवढं पुरतं.

आता प्रत्यक्ष लिमिट लावून बघायचीच खाज असेल तर न्यूट्रलमध्ये अजिबात नको, लोड नसताना इंजिन फार झटक्यात वर जातं. कूलंटचा काटा मध्यावर आल्यावरपण अजून दहा मिनिटं गाडी चालवा, ऑइल पाण्यापेक्षा उशिरा गरम होतं. मोकळी सुरक्षित जागा बघून पहिल्या गिअरमध्ये ओढा, छोट्या हॅचबॅकला ४५-५० च्या स्पीडलाच लिमिट लागते. लागली की पाय उचला, झालं काम, परत परत करायची गरज नाही. रंकाळ्यावर तर बिलकुल नको, लोक तिथं फिरायला येतात. ज्याला जास्तच हौस आहे त्यानं आपल्याकडं मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, तिथं जाऊन कार्ट चालवावी.

गचका लिमिटरचा की बिघाडाचा, हे ओळखायला शिका, यात मेकॅनिककडच्या फेऱ्या वाचतात. लिमिटर कुठल्याही गिअरमध्ये गरम इंजिनला त्याच आकड्याला लागतो आणि चेक इंजिन लाईट पेटत नाही. गचका कधी ३५०० ला, कधी ४५०० ला, आणि चढालाच जास्त येत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर, प्लग, कॉईल यांच्याकडं बघा. लाईट पेटलाय आणि गाडी तीन हजाराच्या वर जायलाच तयार नाही तर तो लिम्प मोड, म्हंजे ईसीयूनं बचावासाठी जोर कमी केलाय, कुठल्यातरी सेन्सरची तक्रार आहे किंवा बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरलाय, स्कॅन करूनच पुढं जा. आणि चालता चालता काटा मधेच शून्याला पडून गाडी बंद पडत असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायरिंग, स्कॅनरवर बिघाडाचा कोड बहुतेक पी०३३५ मिळेल.

८० ला वाजणारी टींग टींग वेगळी बरं का, ती १ जुलै २०१९ पासूनच्या नियमाची स्पीडची सूचना आहे, ती इंजिनचं काही तोडत नाही.

घाटासाठी गिअरचा हिशोब

हे मात्र प्रत्येकानं एकदा करून ठेवावं. सपाट रस्त्याला प्रत्येक गिअरमध्ये काटा २००० ला स्थिर ठेवा आणि स्पीड लिहा. दुसऱ्यात समजा २८ आलं. लाल पट्टा ६००० ला असेल तर तिप्पट, म्हंजे ८४ ही दुसऱ्या गिअरची कमाल. त्याच्या तीन चतुर्थांश, साधारण ६०, याच्या वर असताना दुसरा टाकायचाच नाही. असंच पहिल्याचं आणि तिसऱ्याचं काढा आणि चिठ्ठी सन वायझरला लावा.

करूळ घाट उतरून वैभववाडीला जाताना किंवा आंबोलीतून सावंतवाडीकडं उतरताना गिअरमध्ये गाडी ठेवून पाय अ‍ॅक्सिलेटरवरून पूर्ण काढला की ईसीयू इंजेक्टर बंदच ठेवतो, पेट्रोल शून्य, आरपीएम साधारण हजार-दीड हजारावर येईपर्यंत. म्हणून न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचतं हा समज सोडा, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच आणि ब्रेक तापतात ते वेगळं. पण हेही लक्षात घ्या, उतार गाडीला ढकलत असतो, पेट्रोल आधीच बंद आहे, म्हंजे लिमिटरकडं तोडायला काही उरलेलंच नाही. पहिल्या-दुसऱ्यात आरपीएम वाढत चालला तर तो ब्रेकनंच आवरायचा. पाच माणसं आणि सामान असेल तर जास्तच सांभाळून, ब्रेक थोडा दाबून सोडायचा, परत दाबायचा, सारखा घासत ठेवायचा नाही.

ओव्हरटेकला लिमिटर लागला तर घाबरून ब्रेक मारू नका, पाय किंचित उचलून वरचा गिअर टाका. त्याहून बरं म्हंजे कमाल पॉवरचा आकडा ओलांडल्यावर गिअर बदला, त्याच्या पुढं ओढून नुसता आवाज मिळतो.

चुकीचा गिअर पडलाच तर

क्लच लगेच दाबा, सोडून "बघू काय होतंय" करू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करण्याआधी अर्धा मिनिट आयडलवर ऐका. टकटक, नवीन खडखड, हलकं मिसिंग, ऑइलचा दिवा, यातलं काहीही असेल तर बंद करा आणि गाडी टो करून न्या, "हळूहळू नेतो" म्हणून चालवत नेऊ नका, वाकलेल्या वॉल्वचा तुकडा पडला तर पिस्टन आणि हेड दोन्ही जातात. आवाज स्वच्छ असला तरी येत्या दोन-चार दिवसांत कॉम्प्रेशन टेस्ट, म्हंजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं, करून घ्या. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत, एखादाच फार खाली असेल तर लीकडाऊन टेस्ट सांगा, त्यात सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघतात, हवा इनटेककडून फुसफुसते की एक्झॉस्टकडून यावरून कुठला वॉल्व वाकलाय ते हेड न उतरवता कळतं. टायमिंग चेनचा ताणपण बघायला सांगा.

सीएनजी आणि रिमॅप

सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा कंट्रोलर पेट्रोल इंजेक्टरचा सिग्नल वाचून गॅस सोडतो, ईसीयूनं सिग्नल तोडला की गॅसपण तुटतो, म्हणून लिमिटर चालतो. जुन्या मिक्सरच्या किटमध्ये गॅस सरळ हवेबरोबर ओढला जातो, तिथं इंजेक्टर गप्प केले तरी गॅसला फरक पडत नाही. तसलं किट असेल तर लाल पट्ट्याच्या बऱ्याच अलीकडं थांबायची सवय तुमची तुम्हालाच लावायला लागेल.

रिमॅपवाला, म्हंजे ईसीयूतले आकडे बदलून देणारा, "लिमिटर पाचशेनं वाढवून देतो" म्हणाला तर त्याला एवढंच विचारा की स्प्रिंगा आणि रॉडचे बोल्ट कुठले टाकणार. नुसता आकडा बदलायला लॅपटॉप पुरतो, पण वरच्या आरपीएमला टॉर्क, म्हंजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, पडलेला असतो, त्यामुळं पॉवर वाढत नाही, फक्त ताण वाढतो. माझ्या मते रोजच्या गाडीत लिमिटरला हात लावायचं एकही कारण नाही.

जुनी गाडी घेताना मात्र स्कॅनर लावाच. पी०२१९ हा इंजिन ओव्हरस्पीडचा कोड आहे, तो साठवलेला दिसला तर टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. पोर्शेसारख्या गाड्यांत तर किती वेळा कुठल्या टप्प्यापर्यंत ओव्हररेव्ह झालं याची नोंदच ईसीयूत असते, आपल्या साध्या गाड्यांत एवढं नसतं, आणि कोड पुसूनही टाकता येतो. म्हणून कोड नाही मिळाला तरी थंड इंजिन स्वतः स्टार्ट करून आवाज ऐका, कॉम्प्रेशनचे चार आकडे लिहून घ्या, आणि विकणारा स्कॅनर लावू द्यायला का-कू करत असेल तर कावळा नाक्यावरून पुढची गाडी बघायला निघा.